झोप किती हवी अन् मिळते किती? रात्रीच्या लाईटीचा हिशोब वहीत मांडला तेव्हा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गव्हाला तिसरं पाणी चालू होतं आणि आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट. मोटर चालू केली, दोन वाफे भरले, तिसऱ्याचं दारं मोडलं अन् बांधावर पोतं टाकून जरा टेकलो. पाच मिनिटं म्हणून टेकलो, जाग आली तेव्हा पाय ओले. पाणी आमचा वाफा भरून, बांध फोडून शेजारच्या चुलत्यांच्या कांद्यात गेलेलं. लागण होऊन बारा दिवस झाले होते. सकाळी चुलते काही भांडले नाहीत. "झोप लागली व्हय?" एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तालुक्याहून बातमीचं काम उरकून मोटारसायकलवर गावाकडं येत होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. साईडपट्टीची खडी टायरखाली वाजली तेव्हा कळलं की आपण रस्त्यावर नाही. डोळे उघडेच होते असं मला वाटत होतं. किती वेळ मिटले, सांगता येत नाही. पुढं पन्नास फुटांवर नळकांडी पुलाचा कठडा होता.

घरी आल्यावर पोराची जुनी वही घेतली आणि त्या दिवसापासून झोप लिहायला लागलो. किती वाजता आडवा झालो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वाजता उठलो, मधी किती वेळा उठलो. दुधाचा हिशोब लिहितो तसंच.

पहिल्या आठवड्याची बेरीज अशी निघाली. दिवसाची लाईट असलेल्या चार दिवशी रोज साधारण सहा तास. रात्रीच्या लाईटीच्या तीन दिवशी तुकड्या-तुकड्यानं चार तास. जेवण झाल्यावर दीड तास, पंपाच्या खोलीत तासभर, पहाटे लाईट असतानाच पोराला उभं करून घरी दीड तास. म्हणजे चोवीस आणि बारा, छत्तीस तास. सातानं भागलं तर रोजचे पाच तास नऊ मिनिटं. मी तर गावात सांगत होतो की मला सहा-सात तास झोप मिळते.

मग किती पाहिजे?

अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या दोन संघटनांनी २०१५ साली एकत्र बसून, आधी झालेला अभ्यास वाचून एक मत दिलं. मोठ्या माणसानं नेहमीसाठी रात्री सात तास किंवा त्याहून जास्त झोपावं. त्याच वर्षी तिथल्याच आणखी एका संस्थेनं वयाप्रमाणं आकडे दिले. १८ ते ६४ वर्षांच्या माणसाला ७ ते ९ तास, ६५ च्या पुढं ७ ते ८ तास. दहावी-बारावीच्या वयाच्या पोरांना ८ ते १०, त्याहून लहान शाळकरी पोरांना ९ ते ११. म्हणजे "म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही" हे आपण म्हणतो ते खरं असलं, तरी "त्याला झोप लागतच नसते" म्हणजे गरजच नसते, असा अर्थ काढणं चूक. गरज फार कमी होत नाही, झोप मोडायला लागते, एवढंच.

सात तासांच्या खाली नेहमी झोपणाऱ्यांत वजन वाढणं, साखर, बीपी, हृदयविकार, पक्षाघात, मन खचणं आणि अपघात यांचं प्रमाण जास्त दिसतं. आता यात काय कशामुळं होतं हे दरवेळी सरळ नसतं. आजारी माणसाचीही झोप कमी होते. पण सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय हे मात्र खरं. नऊ तासांच्या वर झोपणंही सगळ्यांना वाईट नाही. तरुण पोरं, आजारातून उठलेला माणूस, मागची झोप भरून काढणारा, यांना ती लागू शकते.

आणि अमेरिकेत सगळे शहाण्यासारखे झोपतात असंही नाही. तिथल्या सरकारी पाहणीत दर तीन मोठ्या माणसांमागं एक जण सात तासांपेक्षा कमी झोपतो असं आढळलं आहे.

अंथरुणात आठ तास, झोपेत साडेपाच

आपल्या देशाचा आकडा बघितला तर गंमत वाटते. केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. माणूस चोवीस तासात कशाला किती वेळ देतो ते घरोघर जाऊन विचारलं. त्यात झोपेचा वेळ निघाला नऊ तासांच्या आसपास! वाचून मी वही परत चाळली. पण त्या पाहणीत सहा वर्षांच्या पुढची सगळी मंडळी आहेत, शाळकरी पोरं, म्हातारी माणसं सगळी. आणि दुसरं म्हणजे तो माणसानं सांगितलेला वेळ आहे. मी पण सांगताना सहा-सात तासच सांगत होतो की.

मोजून बघितल्यावर काय होतं ते चेन्नईत दिसलं. तिथं अर्थशास्त्रज्ञांनी कमी कमाईच्या ४५२ माणसांच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र बांधलं. हात किती हलतो त्यावरून माणूस झोपलाय की नुसता पडलाय हे ते यंत्र ओळखतं. ही माणसं रात्री अंथरुणात आठ तास असायची. प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज, एका खोलीत सगळं घर, यामुळं रात्रीतून कितीतरी वेळा झोप मोडायची. हा अभ्यास २०२१ साली छापून आला. गरीब माणसाची झोप वेळेअभावी जाते असं आपण धरून चालतो, इथं ती अंथरुणातच जात होती.

पुढचं ऐका. या माणसांना पंखे, चांगलं अंथरूण, कानात घालायचे बोळे, डोळ्यावरची पट्टी असं सगळं दिलं, सल्ला दिला, काहींना जास्त झोपलं तर पैसेही दिले. रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली. पण त्यानं कामाचा वेग वाढला नाही, तब्येतीतही सांगण्यासारखा फरक पडला नाही. संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं. मात्र ज्यांना दुपारी कामाच्या ठिकाणी शांत जागेत अर्धा तास पडू दिलं, त्यांचं काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मनही बरं राहिलं. एक मेख आहे, त्या अर्ध्या तासात काम बुडतं, त्यामुळं तेवढा वेळ सलग काम करत राहिलेल्यापेक्षा पैसा काही जास्त मिळाला नाही. ते टेबलावर बसून संगणकात माहिती भरायचं काम होतं, खुरपणी नव्हती, हेही लक्षात ठेवा.

माझा अर्थ असा की तुटक झोपेचे चार घास वाढवून फार होत नाही. झोप सलग लागते का, हे आधी बघितलं पाहिजे.

"पूर्वीची माणसं दिवस मावळला की झोपायची"

पारावर हा विषय काढला की हे वाक्य येतंच. त्याचाही कोणीतरी तपास केलाय. टांझानियातले हड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने, अशा तीन समाजांतल्या माणसांची झोप अशाच यंत्रानं मोजली. त्यांच्याकडं लाईट नाही, मोबाईल नाही. शिकार, कंदमुळं, थोडी शेती. २०१५ साली आकडे आले. ही माणसं अंथरुणात साधारण सात ते साडेआठ तास असतात आणि झोपतात पावणेसहा ते सात तास. दिवस मावळल्यावर लगेच झोपत नाहीत, तीन-सव्वातीन तास जागी असतात, गप्पा मारतात. पण उठायची वेळ जवळपास ठरलेली. दुपारची झोपही रोज घेत नाहीत.

मग सात तासांचा नियम खोटा का? तसं नाही. सात तासांचा सल्ला बहुतेक करून माणसांनी स्वतः सांगितलेल्या झोपेवरून आलाय, आणि सांगितलेली झोप मोजलेल्या झोपेपेक्षा जास्तच निघते. माझी निघाली तशी. म्हणून घड्याळ लावून सात तास पुरे करण्यापेक्षा अंथरुणात साडेसात-आठ तास मिळतील अशी सोय आणि झोपायची-उठायची ठरलेली वेळ, हे जास्त उपयोगाचं. त्या तिन्ही समाजांकडं नेमकी तीच गोष्ट आहे आणि रात्रीच्या लाईटीनं आपली तीच गोष्ट नेलीय.

कमी झोपेची सवय होते का?

"मला चार तास पुरतात, सवय झालीय." हे आमच्या गावात निम्म्या लोकांचं म्हणणं. मीही त्यातलाच होतो. यावर २००३ साली आलेला एक प्रयोग आहे. धडधाकट ४८ माणसांना प्रयोगशाळेत ठेवून कुणाला रात्री चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ तास झोपू दिलं, चौदा दिवस. रोज त्यांचं लक्ष किती आहे ते तपासलं. चार आणि सहा तासवाल्यांचं लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं. शेवटी-शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं खाली आलं. आणि त्यांना विचारलं तर त्यांचं म्हणणं, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. सवय शरीराला झालीच नव्हती. आपण किती घसरलोय हे कळायचं तेवढं बंद झालं होतं.

कांद्यात पाणी गेलं त्या रात्री मलाही मी ठीकच वाटत होतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी हा पुढचा भाग वाचावा. ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं. आपल्याकडं गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता हिशोब करा. पहाटे पाचला धारा काढायला उठलेला माणूस रात्री दहाला ऊस भरून कारखान्याकडं निघाला, तर त्याचे सतरा तास झाले. थेंबभर न पिता तो कायद्याच्या मर्यादेच्या वर गेला. नाकाबंदीत फुंकायला लावलं तर मशीन काही दाखवणार नाही.

ऊसतोड कामगारांचं तर बोलायलाच नको. पहाटे चारच्या आत कोयता हातात, आणि दिवसभर तोडून झाल्यावर गाडी कधी येईल तेव्हा भरायची. रात्री बाराला आली तर बाराला. कोपीत झोप ती काय, थंडी, लेकरू अन् सकाळचा मुकादमाचा आवाज यांच्या मधली.

शरीरात काय चालतं

दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जागेपणी मेंदूत एक द्रव्य साठत जातं, त्याला ॲडिनोसिन म्हणतात. जितका वेळ जागे, तितकं ते साठतं आणि पेंग वाढते. झोपलं की ते उतरतं. चहातलं कॅफिन हे द्रव्य काढून टाकत नाही, ते जिथं जाऊन बसतं ती जागा अडवून ठेवतं. म्हणून चहा प्यायल्यावर झोप गेल्यासारखी वाटते आणि उतरला की दुप्पट येते. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं. रात्री नऊच्या कोऱ्या चहाचा अर्धा भाग दोन वाजता पण जागा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते उजेडावर चालतं. पेशीतलं हे घड्याळ कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. संध्याकाळी उजेड कमी झाला की मेलाटोनिन वाढतं, अंगाचं तापमान उतरतं, झोप यायला लागते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला हे घड्याळ सगळ्यात खाली असतं. म्हणूनच पाणी भरताना दोनपर्यंत माणूस टिकतो आणि तीनला बसल्या जागी कोसळतो. आणि रात्री जागून सकाळी आठला झोपलं तर अंगात थकवा असूनही झोप तीन-चार तासात उडते, कारण घड्याळ म्हणतंय दिवस उगवला. दिवसा झोपून रात्रीची भरपाई पूर्ण होत नाही ती यामुळं. मोबाईलचा पडदा डोळ्यापुढं धरला की संध्याकाळ पुढं ढकलली जाते. पण खरं सांगू, उजेडापेक्षा त्यातलं भांडण जास्त जागं ठेवतं. ग्रुपवर ग्रामपंचायतीचा विषय निघाला की मी बारापर्यंत जागा. बातमीदार म्हणून बघावंच लागतं, असं मी घरी सांगतो.

झोप एका दमात सारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात. गाढ झोप बहुतेक पहिल्या निम्म्या रात्रीत होते, स्वप्नांची झोप पहाटेकडं वाढते. रात्री दहा ते दोन पाणी भरलं तर गाढ झोपेची वेळ जाते. पहाटे तीनला उठलं तर दुसरी जाते.

दारू पिऊन झोप चांगली लागते म्हणणाऱ्यांसाठी, लागते लवकर, पण उतरायला लागली की मोडते. तंबाखू अन् मिश्री हीही जागं ठेवणारीच वस्तू आहे. झोपायच्या आधी शेवटची चिमूट लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

घरच्या बाईची वही

माझी वही बघून बायको म्हणाली, "अहो, माझी बी लिहा की." लिहिली. ती साडेअकराच्या आत एकदाही आडवी झाली नाही आणि पावणेपाचच्या पुढं एकदाही झोपली नाही. नळाला पाणी पहाटे येतं, ते भरायचं, मग शेण, धार, डबे. म्हणजे जास्तीत जास्त सव्वापाच तास, आणि त्यात मी रात्री शेतावरून आल्यावर दार उघडायला उठणं धरलेलं नाही. माझ्याकडं निदान चार दिवस दिवसाची लाईट होती, तिला सुट्टीचा एक दिवस नव्हता.

मघाच्याच सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आहे. आमच्या घरात आता पहाटेचं पाणी मी किंवा पोरगा भरतो. फार मोठं काही केलं असं नाही, उशीराच केलं.

काय जमतं, काय जमत नाही

लाईट आपल्या हातात नाही. शेतीपंपाला पाळीपाळीनं दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथं फिडर सौरवर गेले तिथल्या शेतकऱ्यांना विचारा, ते पिकाच्या आधी झोपेचं सांगतील. ज्यांचे राहिलेत त्यांनी ग्रामसभेत हा विषय नुसता विजेचा म्हणून नाही, तब्येतीचा म्हणूनही मांडावा. ऑटो स्विच लावून घरी झोपणारे आहेत, पण लाईट आली की सगळ्या मोटरी एका झटक्यात चालू होतात आणि डीपीवर लोड येतो. डीपी जळाला की सगळा गाव जागा.

मी एवढं केलं. रात्रीच्या पाळीत शेजारच्या दोन भावांशी बोलून वाटणी केली. एका रात्री एकानं दोघांची दारं बघायची, दुसऱ्यानं सरळ झोपायचं. तुकडे बंद झाले. दुपारी जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पडतो, मोबाईलवर गजर लावून, तीनच्या आत. आपले जुने लोक वामकुक्षी म्हणायचे तेवढीच. त्याहून लांबली तर गाढ झोपेत शिरतो आणि उठल्यावर डोकं जड. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, हे सगळ्यात अवघड गेलं, कारण कुणाच्या घरी बातमीला गेलं की कप पुढं येतोच. मोटारसायकलवर पेंग आली तर थांबतो. तोंडावर पाणी मारून पुढं निघणं बंद.

उन्हाळ्यात ओसरीवर, खळ्यात खाली झोपणाऱ्यांना एक सांगायचंच आहे. मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याचं दुखत नाही म्हणून कळतही नाही. बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्या. डासही राहत नाहीत आणि तेही. पहाटे कुणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं तर देवर्ष्याकडं न थांबता सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं.

आणि काही झोप वेळ देऊनही सुधारत नाही. घोरता घोरता श्वास थांबतो, मग हिसका बसून माणूस दचकतो, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर बसल्या जागी पेंगतो, अशा माणसाला "गडी गाढ झोपतो" म्हणून हसू नका. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा तो आजार असतो, त्यानं बीपी वाढतं आणि त्यावर इलाज आहे. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरला दाखवावं. हे घोरणाऱ्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यानंच सांगायचं असतं. तसंच आठवड्यातून तीन-चार दिवस झोप लागत नाही आणि असं दोन-तीन महिने चाललंय, तर डॉक्टरकडं जा. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय गोळी आणून खाऊ नका, ती सोडताना जड जातं. कर्जाच्या, लेकीच्या लग्नाच्या काळजीनं पहाटे तीनला डोळा उघडतो तो रोजच उघडायला लागला, जेवणही जाईना, कशात मन लागेना, तर तेही डॉक्टरला सांगण्यासारखंच दुखणं आहे.

वही अजून चालू आहे. मागच्या आठवड्याची बेरीज ४४ तास आली, म्हणजे रोजचे सव्वासहा तासांच्या वर. बायकोची एक्केचाळीस. सोमवारपासून परत रात्रीची लाईट आहे, पहिली रात्र माझी.